आजीचे गुडघे, नातवाची उंची आणि सिंगापूरचे सहा दिवस

पत्र: मे महिन्याच्या मध्यात आम्ही सहा जण सिंगापूरला जातोय. आम्ही दोघं, ११ वर्षांची मुलगी, साडेपाच वर्षांचा मुलगा (उंची १०८ सेंमी) आणि सासू-सासरे. सासूबाई ६६ वर्षांच्या, गुडघे दुखतात, सलग अर्ध्या तासाहून जास्त चालवत नाही. शनिवारी रात्रीचं विमान, रविवारी सकाळी पोहोचणार, शुक्रवारी संध्याकाळी परतीचं विमान. एजंटने सोमवारी युनिव्हर्सल स्टुडिओज, ओशनेरियम आणि रात्रीचा विंग्ज ऑफ टाइम शो असं सगळं एकाच दिवशी ठेवलंय. खरेदीला गुरुवारची संध्याकाळ, मुस्तफा या मोठ्या दुकानात. हे म्हणतात, एवढे पैसे घालून जातोय तर सगळं बघून यायचं. मला वाटतं, दमून नुसती भांडणं होतील. रांग टाळायचा एक्स्प्रेस पास सगळ्यांना घ्यावा का? आणि खरेदीवरचा जीएसटी परत मिळतो म्हणतात, तो नेमका कसा?

उत्तर:

ताई, तुमच्या यजमानांना बहुतेक सगळं बघता येईल. फक्त एजंटचा क्रम मोडावा लागेल. त्या कागदावर ठिकाणांची नावं आहेत, तासांचा हिशेब नाही. सोमवारचे तास मोजून पाहा. युनिव्हर्सलला सात तास तरी हवेत, ओशनेरियमला अडीच-तीन. तिन्ही सेंटोसा बेटावर आहेत, पण विंग्ज ऑफ टाइम बेटाच्या पार दुसऱ्या बाजूला, समुद्रकिनाऱ्यावर. खोलीत परतायला रात्रीचे दहा. मुलगा संध्याकाळी पाचलाच खांद्यावर झोपलेला असेल, आणि मत्स्यालयाची सहा तिकिटं म्हणजे एसीत बसायची महागडी सोय ठरेल.

त्यात आणखी एक अडचण आहे. सिंगापूरचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे आहे. मुंबईहून साडेपाच तासांचा रात्रीचा प्रवास, झोप अर्धवट, आणि दुसऱ्या दिवशी तिथे सकाळी आठ वाजता तयार व्हायचं म्हणजे मुलांच्या शरीराला पहाटेचे साडेपाच. पहिले दोन दिवस सकाळ जड जाते आणि रात्र मात्र हलकी जाते, कारण तिथे रात्रीचे दहा म्हणजे आपले साडेसात. म्हणून सुरुवातीचे दिवस दुपारनंतरच्या कार्यक्रमांना द्या आणि सकाळी लवकर निघावं लागणारं युनिव्हर्सल मागे ढकला.

तुमच्या वारांप्रमाणे क्रम असा लावावा. रविवारी काहीही ठरवू नका. हॉटेलची खोली बहुतेक ठिकाणी दुपारी दोन-तीननंतर मिळते, तोवर सामान तिथे ठेवून जेवण उरका, मग झोपा. संध्याकाळी पाय मोकळे करायचे असतील तर मरीना बे सँड्स हॉटेलसमोर पाण्यावर होणारा स्पेक्ट्रा हा प्रकाशाचा खेळ रात्री ८ ला आणि ९ ला फुकट असतो. लिटल इंडियात मात्र रविवारी संध्याकाळी जाऊ नका. कामगारांचा सुट्टीचा दिवस असल्याने तिथे चालायलाही जागा नसते.

सोमवार मंडाई या प्राणिसंग्रहालयांच्या परिसराला द्या. दुपारी तीनच्या सुमाराला रिव्हर वंडर्स, तिथे पांडा आहेत, आणि अंधार पडल्यावर शेजारीच नाइट सफारी. नाइट सफारी संध्याकाळी सव्वासातला उघडते, ट्रॅमची फेरी तिकिटातच असते आणि साधारण पाऊण तास बसूनच सगळं दिसतं, म्हणजे सासूबाईंसाठी सहलीतला सगळ्यात सोयीचा कार्यक्रम हाच. तिकिटावर वेळेचा स्लॉट निवडावा लागतो. पहिला सगळ्यांनाच हवा असतो. तुमची मुलं तेव्हा जागीच असतील, म्हणून आठच्या पुढचा घ्या. मंडाई शहराच्या उत्तरेला आहे, दारात मेट्रो नाही. खातिब स्टेशनवरून शटल बस सुटते. जाताना ती, येताना टॅक्सी, हे बरं.

मंगळवारी उशिरा उठा आणि दुपारी गार्डन्स बाय द बे. सोमवारी इथे येऊ नका असं सांगण्याचं कारण तुमचा मुलगा: तिथली लहान मुलांची पाण्यात खेळायची बाग फुकट आहे, पण सोमवारी बंद असते. त्याचे कपड्यांचे दोन जोड आणि एक टॉवेल घ्या. आई-बाबा दोघांनी तिथे थांबायची गरज नाही. एकाने आजी-आजोबांना आणि मुलीला घेऊन काचेच्या दोन थंड घुमटांत जावं. हे घुमट दर महिन्याला देखभालीसाठी एखादा दिवस बंद ठेवतात, तो तुमचाच दिवस नाही ना, एवढं तिकीट काढण्यापूर्वी पाहा. पावणेआठला सुपरट्रीज या झाडांच्या आकाराच्या उंच मनोऱ्यांखाली दिव्यांचा आणि संगीताचा फुकट कार्यक्रम होतो, तो बघून नऊच्या आत खोलीवर. दुसऱ्या दिवशी युनिव्हर्सल आहे.

बुधवार युनिव्हर्सलला द्या आणि त्या दिवशी दुसरं काहीही ठेवू नका. शनिवार-रविवार किंवा सुट्टी नको, एवढाच नियम. मेमध्ये बहुधा वेसाक डेची, म्हणजे बुद्धपौर्णिमेची सुट्टी येते, आणि ती रविवारी आली तर तिथे सोमवारही सुट्टीचा. मेच्या शेवटी सिंगापूरच्या शाळांना जूनची सुट्टी लागते. तुम्ही मध्यात जाताय, ते चांगलं आहे. (दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांसाठी सांगतो: सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत निवडक रात्री तिथे हॅलोविनचा वेगळ्या तिकिटाचा कार्यक्रम असतो आणि त्या दिवशी पार्क लवकर रिकामं करतात. पूर्ण दिवसाचे पैसे देऊन अर्धा दिवस मिळतो.)

आता त्या दिवसाचा हिशेब. पहिला प्रश्न उंचीचा, कारण तुमच्या मुलाला काय करता येईल ते त्याच्या वयावर ठरत नाही. पार्कातल्या आकर्षणांपैकी ट्रान्सफॉर्मर्सला किमान १०२ सेंमी लागतात, कॅनपी फ्लायरला ९२, ज्युरासिक पार्क रॅपिड्सला १०७, रिव्हेंज ऑफ द ममीला १२२ आणि बॅटलस्टार गॅलॅक्टिकाच्या दोन्ही रोलर कोस्टरना १२५. म्हणजे शेवटचे दोन त्याच्यासाठी बंद, आणि रॅपिड्स एका सेंटिमीटरवर अडकलेली. घरी भिंतीला टेकवून, अनवाणी, संध्याकाळी मोजा. दिवसभराच्या चालण्याने पाठीच्या मणक्यातल्या चकत्या दबतात आणि माणूस संध्याकाळी किंचित बुटका भरतो, त्यामुळे सकाळचं माप फसवं असतं. संध्याकाळी १०७ भरत नसेल तर त्याला रॅपिड्सचं नावही सांगू नका. दारात मोजपट्टी असते आणि कर्मचारी ‘थोडंसंच कमी आहे’ ऐकून घेत नाहीत. अर्धा तास रांगेत उभं राहून परत पाठवलेल्या मुलाची समजूत कशी घालणार?

पार्क उघडायची वेळ तारखेप्रमाणे बदलते, ती साइटवर पाहून पाऊण तास आधी गेटवर हजर राहा. हार्बरफ्रंट मेट्रो स्टेशनातून वर व्हिवोसिटी मॉलचा तिसरा मजला, तिथून सेंटोसा एक्स्प्रेस ही मोनोरेल. जाताना माणशी ४ सिंगापूर डॉलर, परत येताना फुकट. उतरायचं स्टेशन रिझॉर्ट्स वर्ल्ड. मेट्रोत एका कार्डावर एकच माणूस जातो, त्यामुळे सहा जणांना सहा कार्डं लागतील. ९० सेंमीखालचं मूल फुकट, पण तुमचा मुलगा त्याच्या वर आहे. मेट्रोत खाणं-पिणं बंद, पाणीसुद्धा. दंड ५०० डॉलरपर्यंत होतो.

पार्क एका तळ्याभोवती गोल आहे. आत शिरल्यावर हॉलिवूड, उजवीकडे न्यूयॉर्क, मग साय-फाय सिटी, प्राचीन इजिप्त, लॉस्ट वर्ल्ड, फार फार अवे आणि डावीकडून परत येताना २०२५ मध्ये उघडलेला मिनियन लँड. मिनियनचं आकर्षण नवं असल्याने मुलं बाहीला धरून डावीकडे ओढतात. तुम्ही उजवीकडे वळा. पहिलं ट्रान्सफॉर्मर्स, चौघांनाही चालणारं. मग गर्दी जमायच्या आत इजिप्तमधली ममी: बाबा आणि मुलगी आत, आई आणि मुलगा शेजारीच ट्रेझर हंटर्सच्या गाड्यांवर. आईलाही ममीत जायचं असेल तर रांगेत शिरण्यापूर्वीच कर्मचाऱ्याला ‘चाइल्ड स्विच’ सांगावं. एक पालक मुलाजवळ थांबतो, पहिला बाहेर आला की दुसऱ्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. रांग संपल्यावर सांगितलं तर उपयोग नाही.

त्यानंतर लगेच कॅनपी फ्लायर. हे दिसायला साधं, पण एका पाळण्यात पाठीला पाठ लावून चारच जण बसतात. माणसं हळूहळू पुढे सरकतात, त्यामुळे लोकप्रिय नसूनही दुपारी त्याची रांग रेंगाळते. जेवण साडेअकराला उरका, एक वाजता नाही. एकच्या सुमाराला सगळे एकदमच भुकेजतात, आणि त्याच वेळी बाहेर बाकीच्या रांगा थोड्या ओसरतात. रॅपिड्स जेवणानंतर, ऊन तापल्यावर. त्यात ओले होतातच, म्हणून फोन झिपच्या पिशवीत, पायात पट्ट्याच्या चपला, आणि स्वतःचे पातळ रेनकोट घरूनच न्या. ओल्या कपड्यांनी लगेच एसी हॉलमध्ये शिरलं की मुलं कुडकुडतात. अर्धा तास बाहेरच फिरा, तेवढ्यात वाळतात. मग फार फार अवेमधला एन्चँटेड एअरवेज, लहानांचा कोस्टर, आणि शेवटी मिनियन लँड.

पावसाचं काय? मे महिन्यात दुपारी वळवासारखा पाऊस तिथेही येतो. खरा प्रश्न विजेचा आहे. वीज चमकायला लागली की गॅलॅक्टिका, कॅनपी फ्लायर, रॅपिड्स ही उघड्यावरची सगळी आकर्षणं थांबवतात, आणि तिथली सगळी माणसं ट्रान्सफॉर्मर्स, ममी आणि सेसमी स्ट्रीटच्या स्पॅगेटी स्पेस चेसकडे धावतात. आभाळ भरून आलं की घोषणेची वाट न बघता बंदिस्त आकर्षणाच्या रांगेत शिरा. पंधरा मिनिटांच्या फरकाने तासाचा फरक पडतो. पाऊस थांबल्यावर बाहेरची आकर्षणं एकेक करून उघडतात, त्या क्षणी गॅलॅक्टिकाची रांग जवळजवळ रिकामी असते. मुलीची ती वेळ. तिथे खिशातली किल्लीसुद्धा लॉकरमध्ये ठेवावी लागते.

आता एक्स्प्रेस पास. सगळ्यांना नको. तुमच्यातले दोन जण पार्कातच येणार नाहीत (ते पुढे सांगतो), आणि ज्या रांगा खरोखर लांबतात त्यातल्या ममी आणि गॅलॅक्टिका मुलाला बंद आहेत, मग त्याच्या पासाचे पैसे कशाला? बुधवारी, उघडताच आत शिरणाऱ्या कुटुंबाला पासाशिवाय भागतं. फारच वाटलं तर दुपारी रांगांचे आकडे बघून फक्त बाबा आणि मुलीसाठी घ्या. तो दर दिवसाप्रमाणे बदलतो आणि गर्दीच्या दिवशी संपतो, पण साध्या बुधवारी ती जोखीम परवडते. त्याहून फुकटचा उपाय म्हणजे सिंगल रायडर रांग: रिकाम्या राहिलेल्या एकेका सीटवर बसवतात, रांग भराभर सरकते. मुलगी वडिलांपासून वेगळी बसायला तयार असेल तरच.

सासू-सासऱ्यांना युनिव्हर्सलचं तिकीट काढू नका. हे ऐकायला बरं वाटणार नाही, घरात कदाचित कुणाला दुखावल्यासारखंही होईल, म्हणून कारण सांगून ठेवा: त्या तिकिटातलं जे महाग असतं ते म्हणजे धावती, आदळती आकर्षणं. ती त्यांना करायची नाहीत. उरतं ते उन्हात उभं राहणं. त्याऐवजी त्याच आवारात, काही मिनिटांच्या अंतरावर सिंगापूर ओशनेरियम आहे. जुलै २०२५ मध्ये उघडलं, जुन्या मत्स्यालयाच्या तिप्पट मोठं. संपूर्ण थंडगार, बसून बघायला मोठाल्या काचा. दोघांना साडेअकराचा स्लॉट काढून द्या. मोठं आहे म्हणूनच चाकाची खुर्ची घ्या. सासूबाई ‘मला काय धाड भरलीये’ म्हणतील. तरी घ्या, निदान पिशवी ठेवायला म्हणून. त्यांच्यासाठी पुढच्या दोन दिवसांचे गुडघे त्या खुर्चीत वाचतात. सिंगापूरच्या मेट्रो स्टेशनांना लिफ्ट आहेत, तेव्हा जिने चढायचा प्रश्न येत नाही.

भेटायची जागा: युनिव्हर्सलचा फिरता पृथ्वीगोल. तो तिकिटाच्या गेटबाहेर आहे, म्हणून आजी-आजोबांना तिकिटाशिवाय तिथे थांबता येतं. वेळ ठरवून घ्या आणि दोन्ही गटांकडे चालू सिमकार्डाचा एकेक फोन हवा. मुलाला दुपारनंतर कंटाळा आला तर त्याला आजीकडे सोडून पुन्हा आत जाता येतं; बाहेर पडतानाच गेटवर परत यायचंय असं सांगून हातावर शिक्का मारून घ्या. विंग्ज ऑफ टाइम सोडून द्या. दोन फुकट प्रकाशाचे कार्यक्रम तुम्ही आधीच पाहिलेले असतील.

टॅक्सीबद्दल एक नियम, जो एजंट सहसा सांगत नाहीत. तिथे १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला गाडीत चाइल्ड सीट किंवा बूस्टर सीट लागते. नेहमीच्या मीटर टॅक्सीला यातून सूट आहे, ॲपवरून बोलावलेल्या खाजगी गाडीला नाही. ग्रॅब या ॲपवरून साधी कार बोलावली तर ड्रायव्हर मुलाकडे बघून सरळ नकार देऊ शकतो. ॲपमध्ये टॅक्सी हा पर्याय निवडा किंवा चाइल्ड सीटची गाडी. सहा जणांना दोन टॅक्सी धराव्या लागतील.

गुरुवार पूर्ण खरेदीचा. एका संध्याकाळीत सहा जणांची खरेदी म्हणजे ओझं आणि उधळपट्टी दोन्ही, कारण भाव बघायलाच वेळ राहत नाही. यादी आणि इथले भाव घरूनच वहीत लिहून न्या. मोबाइल, घड्याळ, परफ्यूम यांचे भाव इथल्या ऑनलाइन सेलशी ताडून पाहिले की निम्मी यादी आपोआप गळते. उरलेल्यासाठी मुस्तफा ठीक: चॉकलेट, परफ्यूम, बाम, भेटवस्तू. तिथे सकाळी अकराला जा, रात्री नको. कपडे-बुटांसाठी जुरोंग ईस्टचा आयएमएम हा आउटलेट मॉल बघा. ऑर्चर्ड रोड मुख्यतः बघण्यासाठी. सासूबाईंना हॉटेलवरच राहू द्या, हवं ते तुम्ही आणा.

जीएसटीचं गणित आता. सिंगापूरचा जीएसटी २०२४ पासून ९ टक्के आहे आणि तो किमतीतच धरलेला असतो. म्हणून ५०० डॉलरच्या बिलात कर ४५ नसतो: ५०० गुणिले ९ भागिले १०९, म्हणजे ४१.२८. त्यातून परतावा करणारी कंपनी आपलं शुल्क कापते. हातात येईल ती रक्कम याहून कमी असते, हे धरूनच चला.

परतावा मिळायला एका दुकानातली खरेदी करासहित किमान १०० डॉलरची हवी. त्याच दुकानाची त्याच दिवशीची तीन बिलांपर्यंत बेरीज चालते. पण ती एकाच माणसाच्या नावावर असली तरच! इथेच कुटुंबं फसतात. बाबांनी ६० ची खरेदी केली, आईने ७० ची, दोघांनी वेगवेगळे पासपोर्ट दाखवले, आणि १३० डॉलरवर परतावा शून्य. म्हणून एका दुकानात एकच पासपोर्ट वापरायचा, हे दारातच ठरवा. तो माणूस किमान १६ वर्षांचा हवा, मुलीच्या नावावर बिल नको. मूळ पासपोर्ट लागतो. झेरॉक्स किंवा फोनमधला फोटो चालत नाही. पैसे देण्यापूर्वीच कॅशियरला ‘टूरिस्ट रिफंड’ असं सांगा. सगळी दुकानं या योजनेत नसतात, तेव्हा विचारूनच घ्या. हॉटेल, जेवण, पार्कची तिकिटं यावर काहीही परत मिळत नाही.

कार्डाने पैसे देताना मशीन विचारेल, रुपयांत की सिंगापूर डॉलरमध्ये? प्रत्येक वेळी डॉलर. रुपये निवडले की दुकानदाराच्या बँकेचा दर लागतो, आणि तो जवळजवळ नेहमीच महाग असतो. बाकी सिंगापूर डॉलरचं फॉरेक्स कार्ड आणि थोडी रोकड एवढं पुरे.

शुक्रवारी विमानतळावर तीन तास नव्हे, जमल्यास पाच तास आधी जा, कारण विमानतळालगतच ज्युएल या मॉलमध्ये ४० मीटर उंचीचा, छताखालचा धबधबा आहे आणि तो इमिग्रेशनच्या अलीकडे आहे. एकदा आत गेलात की तो गेला. ज्युएल टर्मिनल १ ला लागूनच आहे, २ आणि ३ ला पुलाने जोडलेला. टर्मिनल ४ हून शटल लागते, तेव्हा आपलं टर्मिनल आधीच पाहून ठेवा.

परताव्याचा क्रम चुकला की पैसे गेले. चेक-इन हॉलमध्ये परताव्याची, ईटीआरएस लिहिलेली मशीनं असतात. सामान एअरलाइनच्या काउंटरवर देण्याआधी तिथे जा, ज्याच्या नावावर बिलं आहेत त्याचा पासपोर्ट स्कॅन करा, यादीतली खरेदी तपासा, पैसे रोख हवेत की कार्डावर ते निवडा. मशीनने ‘मंजूर’ म्हटलं तर पुढे चला. ‘कस्टम्स तपासणी’ म्हटलं तर शेजारच्या काउंटरवर वस्तू प्रत्यक्ष दाखवावी लागते. बॅग आधीच पट्ट्यावरून गेली असेल तर दाखवणार काय? म्हणून परताव्याच्या वस्तू बॅगेत सगळ्यात वर, एका वेगळ्या पिशवीत ठेवा. घड्याळ, फोन अशा हातात न्यायच्या वस्तूंसाठी इमिग्रेशननंतरही मशीनं आहेत. रोख रक्कम आत गेल्यावरच मिळते, आणि तिथे रांग असू शकते. खरेदीपासून दोन महिन्यांत देश सोडावा लागतो, ते तुम्हाला अडणार नाही. पण जोहोरमार्गे मलेशियात बसने जाऊन तिकडून परतणाऱ्यांना रस्त्याच्या नाक्यावर हा परतावा मिळत नाही.

पॅकिंगमध्ये दोन-तीन फजित्या नेहमीच्या. चॉकलेटच्या वड्या हातातल्या बॅगेत चालतात, पण चॉकलेट स्प्रेड, पीनट बटर आणि तिथला प्रसिद्ध काया जॅम द्रवात मोजतात. १०० मिलीच्या वरची बरणी सिक्युरिटीत काढून घेतात. त्या चेक-इन बॅगेत, कपड्यात गुंडाळून. उलट पॉवर बँक चेक-इनमध्ये चालत नाही, हातातच हवी, १०० वॉट-आवरपर्यंत. २०,००० एमएएचची साधारण ७४ भरते, ती चालेल. सिंगापूर एअरलाइन्समध्ये विमानात बसून पॉवर बँकेने फोन चार्ज करायला एप्रिल २०२५ पासून बंदी आहे. जाताना बॅगा अर्ध्या रिकाम्या ठेवा, एक घडीची पिशवी आणि छोटा वजनकाटा घ्या. जास्त वजन लागणारच असेल तर ते एअरलाइनच्या साइटवर आधी विकत घेणं काउंटरपेक्षा स्वस्त पडतं.

मुंबईत उतरल्यावर आपलं कस्टम्स. करमुक्त सवलत माणशी असते आणि ती एकत्र करता येत नाही. चौघांची सवलत मिळून एक महाग वस्तू आणता येईल, हा समज चुकीचा आहे. ती वस्तू एकाच्याच सवलतीत बसली पाहिजे. चालू मर्यादा निघण्यापूर्वी कस्टम्सच्या साइटवर पाहा आणि बिलं हाताशी ठेवा.

कागदपत्रांत पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त हवी, आणि व्हिसा अधिकृत एजंटमार्फतच होतो. एसजी अरायव्हल कार्ड पोहोचण्याच्या दिवसासह तीन दिवसांच्या आत, मुलांसकट प्रत्येकाचं भरावं लागतं. सरकारी साइटवर ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट उघडली असेल तर बंद करा. सासू-सासऱ्यांच्या औषधांची चिठ्ठी सोबत असू द्या. झोपेच्या गोळ्या किंवा कोडीन असलेलं काही असेल तर आधी मंजुरी लागते का ते तिथल्या हेल्थ सायन्सेस ऑथॉरिटीच्या साइटवर तपासा. प्रवास विमा सहाही जणांचा काढा, ज्येष्ठांचा काढताना आधीच्या आजारांचा रकाना वाचून.

आणि खाऊचा डबा भरताना एक जपा. सिंगापुरात खसखस नेणं निषिद्ध आहे, ती अमली पदार्थांच्या नियमात येते. म्हणजे अनारसे नकोत, आणि खसखस घातलेला घरचा गोडा मसालाही नको. चकली, शंकरपाळे, मेथीचे ठेपले खुशाल न्या. च्युइंगगम, गुटखा आणि व्हेपही घरीच.

राहता राहिला एजंट. त्याला आजच तीन गोष्टी लेखी विचारा. ट्रान्सफर एसआयसी आहे की प्रायव्हेट? एसआयसी म्हणजे पाच-सहा हॉटेलं फिरत माणसं गोळा करणारी बस, आणि बुधवारी तुम्हाला उघडण्याआधी गेटवर पोहोचायचंय. बुधवारपुरती ती नको म्हणा, मेट्रोने जा. दुसरं, तिकिटं तारखेला बांधलेली आहेत का, आणि युनिव्हर्सल सोमवारवरून बुधवारवर हलवायला, दोन तिकिटं वगळायला किती कापणार? तिसरं, हॉटेलपासून मेट्रोचं सगळ्यात जवळचं स्टेशन पायी किती मिनिटं? ‘जवळच आहे’ हे उत्तर घेऊ नका. दहा मिनिटांहून जास्त असेल तर हॉटेल बदलून मागा. मुलाचं ‘चाइल्ड विदाउट बेड’ असेल तर तेही विचारून घ्या, तिथल्या खोल्या लहान असतात. पॅकेजवर टीसीएस हा आगाऊ कर घेतात, तो विवरणपत्रात वळता करून मिळतो, म्हणून बिल अशा माणसाच्या पॅनवर करा जो दरवर्षी रिटर्न भरतो.